जळगावचा मुलगा आणि मिनिटाला बाराशे खिळे

१८८१ च्या आसपास जळगावातल्या एका घरात चौदा वर्षांच्या मुलाने दगडी कोळशापासून जळता वायू काढण्याचं यंत्र उभं केलं. कृती ऐकायला सोपी आहे. कोळसा बंद भांड्यात घालायचा, आत हवा शिरू द्यायची नाही, भांडं खालून तापवायचं, निघालेला वायू नळीवाटे पाण्यातून नेऊन डांबर मागे ठेवायचं आणि नळीच्या तोंडाशी काडी लावायची. मुंबईच्या रस्त्यांवरचे दिवे तेव्हा याच वायूवर जळत होते. पण मुंबई दूर होती, आणि वायूचा कारखाना बघून आलेला कुणी कारागीर या मुलाच्या शेजारी उभा नव्हता. मुलाचं नाव शंकर आबाजी भिसे. जन्म मुंबईचा, २९ एप्रिल १८६७ चा, पण यंत्रांचं वेड लागलं ते खानदेशात.

भिसे पुढे लंडनला आणि मग न्यूयॉर्कला गेले. त्यांच्या नावावर दोनशेच्या घरात शोध आणि चाळीसेक पेटंटं सांगितली जातात. त्यांतल्या बहुतेकांना मी इथे हात लावणार नाही. मला बोलायचं आहे ते त्यांच्या एका कामाविषयी, ज्यात त्यांनी आयुष्याची सर्वांत सकस वर्षं घातली: छपाईचे खिळे ओतणारं यंत्र. आणि त्यासोबत एका प्रश्नाविषयी, जो खानदेशातल्या छापखान्यांनाही तेव्हा पडलेला होता. छापण्याची विद्या माणसाने शिकायची कुठे?

ते जळगाव कसं होतं ते आधी पाहू. रेल्वे १८६० च्या दशकात आली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला अचानक भाव चढला आणि खानदेशातली काळी जमीन सोनं पिकवू लागली. जिनं आली, प्रेस आले (हे प्रेस कापसाच्या गाठी दाबणारे), १८७० च्या दशकात कापडाची गिरणी उभी राहिली. वाफेचं इंजिन, पट्टे, चाकं, दाब मोजणारी घड्याळं हे सगळं गावात होतं. मुलाला यंत्र डोळ्यांनी बघायला मिळत होतं. त्याची विद्या मात्र मिळत नव्हती. मुंबईचं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं १८८७ साली. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जरांनी कलाभवन काढलं १८९० साली, आणि देशी भाषेतून कारागिरी शिकवण्याची खटपट केली. दोन्ही संस्था या मुलाच्या प्रयोगानंतरच्या.

मग तो शिकला कशावर? भिसे पुढे अमेरिकेत स्थिरावल्यावर सांगत की यंत्रविद्या आपण 'सायंटिफिक अमेरिकन'सारख्या नियतकालिकांतून शिकलो. हे वाक्य मला त्यांच्या चरित्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्याला गुरू मिळाला नाही त्याने छापील कागदाला गुरू केलं. खिळ्यांनी उमटलेल्या अक्षरांवर वाढलेला हा माणूस पुढे खिळे स्वस्त करण्यामागे लागला, तो मला योगायोग वाटत नाही.

छापखान्याची विद्या मात्र कागदावर नव्हती. ती माणसाकडून माणसाकडे, उभ्या उभ्या जात होती. आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण जावजी दादाजींचं. १८३९ साली जन्मलेले जावजी पोरवयात मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये खिळे घासायच्या कामावर लागले, महिना दोन रुपये पगारावर. ओतून निघालेल्या खिळ्याला कडेने धातूची कूस राहते. ती दगडावर घासून काढायची. तिथला प्रमुख टॉमस ग्रॅहॅम होता, त्याच्या हाताखाली या पोराने ओतशाळेचं सगळं पाहिलं. १८६४ साली जावजींनी स्वतःची टाइप फौंड्री काढली, १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्या जोडीला राणोजी रावजी आरू हे पोलादावर अक्षर कोरणारे कारागीर होते. दोघांनी मिळून देवनागरीला जे रूप दिलं ते पुढे शंभर वर्षं मराठी माणसाने वाचलं. शाळा म्हणाल तर ती एवढीच: एक ग्रॅहॅम, एक जावजी, एक राणोजी.

गावोगावच्या छापखान्यांतही शिकणं याच रीतीचं होतं. पोरगा आला की आधी झाडलोट, मग शाई आणि रूळ, मग खिळे सोडवणं. छापून झालेला मजकूर मोडून एकेक खिळा आपापल्या घरात परत टाकायचा, हा जुळाऱ्याचा पहिला धडा. कंपोझिंग शिकवण्याआधी डिस्ट्रिब्यूशन शिकवायचं यात मोठं शहाणपण होतं. खिळा हातात घेऊन तो कुठल्या घरात जातो हे शोधता शोधता बोटांना केस, म्हणजे या घरांची पेटी, पाठ होते. काही महिन्यांनी पोराला विचारलं की 'ष्ट' कुठे, तर त्याला तोंडाने सांगता येत नसे, हात मात्र बरोबर तिथे जाई. खिळ्यावरचं अक्षर उलटं. ओळ डावीकडून उजवीकडे पण उलट्या डोक्याने वाचायची. चांगला जुळारी स्टिकमधला (खिळे जुळवायच्या पट्टीतला) मजकूर तुमच्या-आमच्या सुलट वाचण्याइतक्या वेगाने वाचतो. मालकाच्या डोक्यात हिशेब असे, पण छापखाना चालत असे जुळाऱ्याच्या बोटांवर, आणि ती विद्या कुठेही लिहिलेली नव्हती.

देवनागरीने या विद्येचं ओझं कितीतरी वाढवलं होतं. इंग्रजीला लहान-मोठी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं धरून दीडशेच्या आसपास खिळे पुरतात. मराठीला शेकड्यांनी लागतात, कारण अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना-मात्रा-वेलांट्या आणि त्यांचे एकमेकांशी होणारे संसार. डिग्री पद्धतीत अक्षराचं अंग वेगळं, वरची मात्रा वेगळी, खालचा उकार वेगळा. म्हणजे वाचकाला दिसणारी एक ओळ जुळारी तीन थरांत बांधतो. अखंड पद्धतीत मात्रेसकट अक्षर एकाच खिळ्यावर. बांधणी सोपी, पण खिळ्यांची संख्या फुगते. लोकमान्य टिळकांसारखा माणूस खिळ्यांची संख्या कमी करायच्या खटपटीत पडला तो याचमुळे. पुढे सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली, किर्लोस्कर मासिकांनी ती चालवली, तिच्यामागेही मुद्रण सोपं करण्याची निकड होती. आज तिच्याकडे केवळ लिपीचा वाद म्हणून पाहिलं जातं. छापखान्यातला माणूस तिच्यात केसमधली वाचलेली घरं पाहत होता.

आणि खिळा म्हणजे शिसं. त्यात कडकपणासाठी अँटिमनी, वितळल्यावर नीट वाहावं म्हणून थोडं कथील. खिळे वजनावर विकत मिळत, आणि मुंबई-पुण्याच्या ओतशाळांतून मागवावे लागत. जळगावला रेल्वे असल्याने पेट्या थेट स्टेशनवर उतरत. धुळ्याला चाळीसगावचा फाटा आला १९०० साली, तोवर आग्रा रोडवरची बैलगाडी. असा विकत घेतलेला माल जन्मभर पुरवायचा. लग्नपत्रिका, जिनाच्या पावत्या, कीर्तनाच्या जाहिराती यांवर तेच खिळे झिजत जात. जुन्या खानदेशी छपाईत अनुस्वार अर्धवट उमटलेला आणि रफाराचा टोकाकडचा भाग गेलेला दिसतो, तो जुळाऱ्याचा निष्काळजीपणा नव्हे. नवा खिळा परवडत नसे.

अशा वेळी जळगावात नारायण नरसिंह फडणीस या गृहस्थांनी जे केलं त्याला धाडस हाच शब्द आहे. १८८७ साली त्यांनी 'काव्यरत्नावली' नावाचं मासिक काढलं, केवळ कवितेला वाहिलेलं. मुंबई नाही, पुणे नाही, जळगाव! आणि ते थोडंथोडकं नव्हे, जवळजवळ अर्धशतक टिकलं. केशवसुतांच्या कविता त्यात आल्या, पुढच्या पिढीतल्या कितीतरी कवींचं नाव प्रथम तिथे वाचकांनी पाहिलं. धुळ्यात जन्मलेले कवी विनायक याच पट्ट्यातले. मराठी कवितेचं वळण बदलत होतं त्या वर्षांत तिचा एक मोठा पत्ता खानदेशचा होता, ही गोष्ट साहित्याच्या इतिहासात एका ओळीत उरकली जाते, याचं मला वाईट वाटतं.

वाङ्मयाच्या इतिहासकाराने सोडलेली एक बाजू मुद्रणाच्या इतिहासाने सांगायला हवी. कविता जुळवणं गद्याहून अवघड आहे. गद्यात एखादा खिळा संपला तर संपादक शब्द बदलू शकतो. 'उत्कृष्ट'मधला 'ष्ट' नसेल तर 'उत्तम' चालतं. शार्दूलविक्रीडितात ते चालत नाही. एक मात्रा ढळली तर वृत्त मोडतं, कवी रागावतो आणि वाचक हसतात. संस्कृत वळणाच्या श्लोकांत जोडाक्षरांची दाटी, म्हणजे नेमके केसमध्ये सर्वांत कमी असलेले खिळे सर्वांत जास्त लागायचे. ओळी आखूड, म्हणून उरलेली जागा कोऱ्या खिळ्यांनी भरायची, त्यांचाही साठा हवा. दर महिन्याला एवढं ओझं उचलायचं तर मासिकामागे कवितेच्या प्रेमाइतकंच छापखान्यातल्या अनाम हातांचं बळ लागतं. त्या हातांची नावं कुठल्याच अंकावर नाहीत.

१९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं, महाराष्ट्रातलं पहिलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर, शिवाय वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि वामनदास बसूंचा ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. अशा शास्त्रज्ञाच्या समोर धरणगावचा सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे उभा राहिला, कविता म्हणाला, आणि कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. अकरा वर्षांनी, ५ मे १९१८ रोजी, जळगावजवळच्या भादली स्टेशनावर गाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अठ्ठावीसही पुरं नव्हतं.

जळगावात कवी जमले होते तेव्हा भिसे लंडनमध्ये शिशाशी झुंजत होते.

तिथवर ते कसे पोचले? शिक्षण संपल्यावर त्यांनी मुंबईत अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली. दिवसा हिशेब, संध्याकाळी यंत्रं. १८९० नंतरच्या वर्षांत त्यांनी मुंबईत एक सायंटिफिक क्लब काढला आणि 'विविध कला प्रकाश' नावाचं मराठी मासिक चालवलं, सोप्या भाषेत शास्त्र आणि कारागिरी सांगणारं. आपण इंग्रजी मासिकावर शिकलो, पण ज्याला इंग्रजी येत नाही त्या मुलाने काय करावं, हा विचार त्यामागे नसेल असं मला वाटत नाही. तंत्रशिक्षणाची शाळा काढायला इमारत लागते, सरकारी मान्यता लागते. मासिकाला एक छापखाना आणि थोडे खिळे पुरतात.

१८९७ च्या सुमारास लंडनच्या शोधकांच्या एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली: साखर, पीठ असा सुटा माल आपोआप तोलून देणारं यंत्र हवं. भिशांनी आराखडा पाठवला आणि पहिलं बक्षीस पटकावलं. मुंबईतल्या काँग्रेसच्या मंडळींचे डोळे उघडले. दिनशा वाच्छांनी दादाभाई नौरोजींच्या नावे पत्र दिलं आणि भिसे विलायतेला गेले. दादाभाई तेव्हा सत्तरी ओलांडलेले, ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बसून आलेले, हिंदुस्थानातून संपत्ती कशी वाहून जाते याचा हिशेब मांडत बसलेले. त्यांनी या तरुणाला आपल्या पंखाखाली घेतलं, ओळखी दिल्या, पैशांची जुळवाजुळव केली. दादाभाईंच्या मनात त्यामागे एक सरळ भावना होती. हिंदी माणूस हुकूम पाळतो, कारकुनी करतो, पण नवं यंत्र घडवू शकत नाही, असं राज्यकर्ते बोलत. त्याला उत्तर पुस्तकाने देऊन भागणार नव्हतं.

लंडन त्या काळी छपाईच्या जगाची एक राजधानी. कॅस्लन हे घराणं अठराव्या शतकापासून खिळे ओतत आलेलं. खिळा ओतण्याचं काम मुळात साच्याचं. पोलादाच्या पंचावर अक्षर कोरायचं, तो पंच तांब्यात ठोकून मातृका करायची, मातृका साच्यात बसवून वितळलेला धातू आत सोडायचा, थंड झाला की खिळा बाहेर. हाताने हे करणारा कारागीर दिवसाकाठी काही हजार खिळे काढी. १८३८ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड ब्रूसने त्याला यंत्राचं रूप दिलं आणि वेग मिनिटाला शंभराच्या आसपास गेला. पुढे फ्रेडरिक विक्सने चक्री ओतयंत्र केलं. लंडनच्या 'टाइम्स'ने ते वापरलं, वापरलेले खिळे सोडवत बसण्यापेक्षा रोज नवे ओतणं स्वस्त पडू लागलं. म्हणजे भिसे रिकाम्या मैदानात उतरले नव्हते. मोठे मोठे मल्ल आधीच आखाड्यात होते, आणि अमेरिकेत मर्गेनथालरच्या लायनोटाइपने अख्खी ओळच ओतायला सुरुवात करून वीस वर्षं झाली होती. भिशांना असामान्य ठरवताना आपल्याकडचे लेखक हे सगळं गाळतात. ते सांगितल्यानेच त्यांच्या कामाचं खरं मोल कळतं.

कॅस्लनच्या इंजिनिअरांशी गाठ पडली तेव्हा त्यांनी या हिंदी माणसाला जवळजवळ आव्हानच दिलं: आमच्यापेक्षा वेगाने ओतून दाखव. भिशांनी दाखवलं. त्यांचं 'भिसोटाइप' मिनिटाला बाराशे खिळे ओतू शके, असं त्या काळी नोंदलं गेलं. सामान्य यंत्र तेव्हा दीडशेच्या घरात होतं. हा फरक नुसत्या वेगाचा नाही. धातू तेवढ्याच जलद थंड व्हायला हवा, खिळ्यात पोकळी राहता कामा नये, उंची केसाइतकीही कमी-जास्त होता कामा नये. एक खिळा किंचित उंच निघाला तर तो कागद फाडतो, बुटका निघाला तर उमटतच नाही. तापमान, दाब, वेळ यांचा मेळ बसवणं म्हणजे धातूच्या स्वभावाशी रोजचा वाद. जळगावात बंद भांड्यात कोळसा तापवणाऱ्या मुलाने ज्या गोष्टीशी खेळायला सुरुवात केली होती तीच ही: उष्णता, आणि ती आवरायची कशी.

यंत्र झालं, पैसा नव्हता. दादाभाई १९०७ साली हिंदुस्थानात परतले आणि भिशांचा मोठा आधार लंडनमधून गेला. समाजवादी पुढारी हेन्री हिंडमन भांडवल उभं करून देणार होते, तेही जमलं नाही. १९०८ च्या अखेरीस भिसे हताश होऊन मायदेशी निघाले. त्या प्रवासात गोपाळ कृष्ण गोखल्यांशी गाठ पडली. गोखल्यांनी त्यांची हकिकत ऐकली आणि त्यांना रतन टाटांकडे नेलं. हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. दक्षिण आफ्रिकेतल्या गांधींच्या लढ्याला १९०९ साली पंचवीस हजार रुपये याच हाताने गेले, पाटलीपुत्राच्या उत्खननाचा खर्चही याच हाताने केला. १९१० च्या सुमारास टाटांच्या पैशावर टाटा-भिसे सिंडिकेट उभं राहिलं आणि भिसे पुन्हा लंडनला गेले.

या घडीपर्यंत त्यांच्या पाठीशी उभी राहिलेली नावं पाहा: नौरोजी, वाच्छा, गोखले, टाटा. खिळे ओतण्याच्या एका यंत्रासाठी देशातली एवढी मोठी माणसं एकत्र आल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. स्वराज्याच्या इतिहासात ठराव आणि सभा येतात. हा भाग त्यातून निसटला.

मग महायुद्ध आलं. कारखाने दारूगोळ्याकडे वळले, टाटांचा पैसा आटला आणि भिसोटाइपचा बाजार उभा राहण्याआधीच मोडला. भिसे १९१६ च्या सुमारास न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी यंत्राची रचना नव्याने केली, 'आयडियल टाइप कास्टर' या नावाने १९२० नंतर ते बाजारात आणलं, त्यासाठी कंपनीही काढली. पण संपत्ती त्यांना मिळाली ती आयोडीनपासून बनवलेल्या 'ॲटोमिडीन' नावाच्या औषधाने. ज्या कामात आयुष्य ओतलं त्याने कर्ज दिलं आणि वाटेत सापडलेल्या औषधाने ते फेडलं! १९३० च्या डिसेंबरात थॉमस एडिसनची आणि त्यांची भेट झाली. तोवर अमेरिकन वृत्तपत्रं त्यांना हिंदुस्थानचा एडिसन म्हणू लागली होती. मला ही उपमा भिशांवर अन्याय करणारी वाटते. एडिसनपाशी प्रयोगशाळा होती, पगारी माणसांची फौज होती, वकील होते, भांडवल होतं. भिशांपाशी उसने पैसे आणि भाड्याची जागा. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते वारले.

त्याच न्यूयॉर्कमध्ये, त्यांच्या अखेरच्या वर्षांत, हरी गोविंद गोविल नावाचे दुसरे हिंदी गृहस्थ मर्गेनथालर कंपनीला देवनागरीची लायनोटाइप करून देत होते. नव्वद कळांच्या यंत्रात आपली लिपी बसवायची म्हणजे अक्षरांचे तुकडे पाडून, जोडाक्षरं अर्ध्या अक्षरांनी साधून, मात्रांच्या जागा सरकवून खिळ्यांचं रान छाटायचं. जे जावजींनी हातांनी सांभाळलं, टिळकांनी कागदावर कमी केलं, ते तिथे यंत्रात शिरलं.

खानदेशात मात्र अजून केस आणि स्टिकच होती, आणि तेवढ्यावर केवढं काम होत होतं! धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली होती. समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं मठामठांतून गोळा करायची आणि छापून लोकांत आणायची हा त्यांचा ध्यास. डोमगावच्या मठातल्या कल्याणस्वामींच्या प्रतीवरून त्यांनी सिद्ध केलेला दासबोध १९०५ साली बाहेर आला. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. जुन्या पत्रांची छपाई जुळाऱ्यासाठी कवितेपेक्षाही कठीण. मूळ कागद मोडीत, शब्द फारसी, शुद्धलेखन ज्याचं त्याचं. आणि संशोधकाची ताकीद की जसं आहे तसंच उमटलं पाहिजे. प्रूफात जुळारी सवयीने शब्द शुद्ध करतो आणि संशोधक पुन्हा अशुद्ध करायला लावतो. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते भराभर उतरवून घेत, त्या टिपणांचंच पुढे 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. गुरुजींचा स्वतःचा प्रवासही अक्षरांचाच. अमळनेरच्या वसतिगृहात मुलांसाठी हाताने लिहिलेलं 'छात्रालय' दैनिक, १९३८ साली 'काँग्रेस' साप्ताहिक, १९४८ च्या १५ ऑगस्टला मुंबईत 'साधना'. हाताने लिहून दैनिक काढणाऱ्या शिक्षकाला छापील अक्षराचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईंच्या गाण्यांत एक गाणं छापखान्यावरचं आहे. घरोटं, चूल, नांगर, सुगरणीचा खोपा यांच्या रांगेत तिने छपाईचं यंत्रही आणून बसवलं. माझ्या मते खानदेशच्या मुद्रणकलेला मिळालेला याहून मोठा मान दुसरा नाही. तिची गाणी तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवली होती म्हणून वाचली. ती गेली १९५१ च्या डिसेंबरात, पुस्तक आलं १९५२ साली.

मुद्रण शिकवण्याच्या शाळा आपल्याकडे आल्या त्या उशिरा. १९०९ साली पुण्यात निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाने, गरीब मुलांच्या हाताला काम मिळावं म्हणून छापखाना चालवला आणि त्यातूनच महाराष्ट्र मुद्रणशाळा उभी केली. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: आधी छापखाना, मग शाळा. मुंबईत सरकारी मुद्रण तंत्रशाळा स्वातंत्र्याच्या सुमाराला सुरू झाली. १९८५ साली विद्यार्थी गृहाचं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं आणि छपाईत पदवी मिळू लागली. जी विद्या खिळे घासून सुरू होत होती तिला वर्ग, फळा, परीक्षा, प्रयोगवही मिळाली. शासकीय मुद्रणालयात आयुष्य घालवलेल्या बापूराव नाईकांनी १९७१ साली देवनागरीच्या मुद्राक्षरांवर तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ लिहिला, भाषा संचालनालयाने तो छापला. पंच, मातृका, डिग्री, अखंड, लायनो, मोनो, सगळं त्यात आहे. जुळाऱ्याच्या बोटांत असलेलं ज्ञान कुणीतरी प्रथमच एवढ्या तपशिलाने कागदावर उतरवलं.

पण ते उतरलं तेव्हा खिळ्यांचे दिवस भरत आले होते. ऑफसेट आला, मग १९८० च्या दशकाअखेर डीटीपी. जळगाव-धुळ्याच्या गल्ल्यांतल्या छापखान्यांनी ट्रेडल यंत्रं आणि खिळे वजनावर भंगारात काढले. शिशाला भाव होता, अक्षराला नव्हता. पन्नाशीतल्या जुळाऱ्यांपैकी काही कीबोर्डवर बसले. ज्यांनी तो बदल पेलला त्यांची एक गोष्ट शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते: नव्या पोरांपेक्षा त्यांचा मजकूर स्वच्छ असे. दोन शब्दांतली जागा, ओळीच्या टोकाला तुटणारा शब्द, परिच्छेदाच्या शेवटी एकटं पडलेलं अक्षर, हे त्यांना खुपायचं, कारण पूर्वी त्या प्रत्येक चुकीची दुरुस्ती त्यांनी हाताने केलेली होती.

देवनागरीचा जुना प्रश्न, एवढ्या जोडाक्षरांचं करायचं काय, तोही अखेर एका शिक्षकाकडेच आला. मुंबईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी संगणकासाठी 'मंगल' हा टंक आखला. तुम्ही 'ष'ला 'ट' जोडला की 'ष्ट' आपोआप समोर येतो, कारण कुठल्या दोन अक्षरांनी एकमेकांत कसं मिसळायचं याचे नियम टंकात आधीच घातलेले असतात. विंडोजबरोबर तो घरोघरच्या संगणकांवर गेला, खानदेशातल्या पत्रिका छापणाऱ्यांच्या टेबलावरही. त्यात 'ष्ट'चा खिळा संपत नाही.